बिनक्लचची गाडी

हर्षाचे सासरे देवाजी सलग तीन दिवस पहाटे उठून गाडीचं बॉनेट उघडत होते, गिअरच्या तेलाचं गेज, म्हणजे मोजपट्टी, काढून पाहत होते. तिन्ही दिवशी तेल वरच्या खुणेच्याही वर दिसलं. शनिवारी त्यांनी निकाल देऊन टाकला.

"तेल भरून हाय. तरी तलावाच्या पाळीच्या चढावर इंजन बोंबलते अना गाडी जागची हालत नाई. म्हंजे अंदरचं मेलं. उद्या भंगारवाल्या इसरूले बलावतो, घेऊन जाऊ दे."

एसटीत सव्वीस वर्षं ड्रायव्हरकी केलेल्या माणसासमोर गाडीच्या बाबतीत घरात कोण बोलणार? सासूबाई, गिरजाबाई, तेवढ्या म्हणाल्या, "मंग लेकराचं कसं?"

लेकरू म्हणजे आठ महिन्यांची साक्षी. वरणभाताची दोन बोटं चाटायची, पण बाटली तोंडाशी नेली की अशी मान फिरवायची, जणू कुणी तिची चेष्टाच केली. हर्षा शिकवायची ती शाळा सहा किलोमीटरवर, जंगलातल्या सडकेनं. त्या सडकेवर सध्या वाघीण पिल्लं घेऊन फिरत होती, तेव्हा दुचाकीचं नावच नको. बस सकाळी एक, संध्याकाळी एक. घुग्घुसच्या कोळसा खाणीतल्या एका बदली झालेल्या साहेबाची ही जुनी, क्लच नसलेली गाडी हर्षाच्या नवऱ्यानं, नागसेननं, तिच्यासाठी आणली आणि स्वतः तिकडंच खाणीतल्या ड्युटीवर राहिला. गाडी होती म्हणून हर्षा मधल्या सुट्टीत घरी येऊन साक्षीला पाजून जायची. गाडी गेली की सकाळपासून दिवेलागणीपर्यंत लेकरू आईविना.

दुपारी साक्षी मांडीवर झोपली. एका हातानं तिला थोपटत हर्षानं दुसऱ्या हातानं गाडीच्या खणातलं पुस्तक उघडलं. इंग्रजी बारीक छपाई, पानांना जुन्या साहेबाच्या चहाचे डाग. तेलाचं पान तिनं दोनदा वाचलं. गाडी सपाट जागी हवी, इंजिन चांगलं तापलेलं हवं आणि गेज काढताना ते चालू हवं. तिसऱ्यांदा वाचायची गरज पडली नाही. इंजिन बंद असलं की गिअरमधलं सगळं तेल खाली उतरून साचतं, मग गेज भरलेलं दिसणारच. चालू झालं की तेच तेल वर खेळू लागतं आणि खाली खरं किती उरलं ते कळतं. मामाजी तीन दिवस पहाटेच्या थंड, बंद इंजिनात पाहत होते.

तिनं लगेच चिमूरच्या दुकानात फोन लावून पुस्तकातल्या नावाचं तेल सांगितलं. संध्याकाळच्या बसनं कंडक्टरच्या हाती दोन डबे आले.

रविवारी सकाळी विहारातली वंदना झाली, तेव्हा हर्षा सपाट सडकेनं वीस मिनिटं गाडी फिरवून परत येत होती. ती थेट विहारासमोरच्या फरशीवर येऊन थांबली. इसरू दोरखंड आणि ट्रॅक्टर घेऊन आधीच उभा होता.

"इथी कायले आणली, पोरी?" देवाजींनी विचारलं.

"आपल्या आंगनाले उतार हाय, मामाजी. इथलं सपाट हाय."

"सपाट?" ती फरशी घातलेला लहानू मिस्त्री पुढं सरकला. "पानी टाकून पाहा. कोन्या बाजूनं गेलं तं माह्यं नाव बदला."

हर्षानं हँडब्रेक ओढला, ब्रेक दाबून गिअरचा दांडा एकेका खुणेवरून फिरवला आणि परत पार्किंगला आणला. इंजिन चालूच ठेवून ती उतरली, बॉनेट उघडलं.

"आधी बंद तं कर."

"नाई, मामाजी. याचं गेज चालू इंजनातच पाहाचं असते."

"डेपोतून गाडी निंगाच्या आधी थंड्या इंजनात पाह्याचो मी. सव्वीस वर्सं."

"ते इंजनचं तेल होतं जी, ते बराबरच होतं. हे गिअरचं हाय."

"बाई, मी गाडी न्याले आलो, शाळा शिकाले नाई," इसरू म्हणाला.

"थांब ना," साक्षीला कडेवर घेतलेल्या गिरजाबाई म्हणाल्या. "भंगारच हाय म्हणतं ना तू? मंग ते कुठी पळून चाललं?"

हर्षानं गेज काढलं, साक्षीच्या जुन्या झबल्यानं पुसलं, पुरतं आत घातलं आणि पुन्हा काढलं. पट्टी कोरडी. टोकाला एक थेंब.

देवाजींनी गेज तिच्या हातातून घेतलं. स्वतः पुसलं, स्वतः घातलं. कोरडंच.

"काल तं भरून होतं," ते हळूच म्हणाले.

हर्षा थेंब बोटांत चोळून हुंगत होती. जळका वास आला असता, तर तिनं स्वतःच चावी इसरूच्या हातात दिली असती. वास आला नाही. थेंब मळकट लाल होता, करपलेला नव्हता.

गेजच्याच नळीत नरसाळं लावून तिनं तेल सोडलं. थोडं ओतायची, थांबायची, मोजायची.

"टाक ना पुरा," देवाजी म्हणाले.

"जास्त झालं तं फेस धरते. तेही वाईटच."

एक डबा संपला, दुसऱ्यातलं थोडं गेलं, तेव्हा तेल वरच्या रेघेच्या जरा खाली आलं. तिनं इंजिन बंद केलं.

"पन गेलं कुठी एवढं?" म्हणत देवाजी धोतर सावरून पाठीवर निजले आणि गाडीखाली सरकले. बराच वेळ त्यांचे फक्त पाय दिसत होते.

"हे पाहा. सारा पाईप कोरडा हाय, अना या एका जोडावरच मातीचा लोंदा बसला. इथूनच झिरपून राह्यलं. पेचकस दे, जोडावरचा पट्टा ढिला झाला."

ते पुस्तकात नव्हतं. हर्षानं पेचकस दिला.

मग दोघं तलावाच्या पाळीकडं निघाले. इसरू मागून पायी आला, खात्री करायला. चढ लागला तसं हर्षाच्या शेजारी बसलेल्या देवाजींनी सवयीनं डाव्या पायानं नसलेला क्लच दाबला. इंजिन ओरडलं नाही. गाडी बैलानं ओढल्यासारखी एका लयीत वर चढली आणि पाळीवर जाऊन थांबली.

"इसरू," काच खाली करून देवाजी म्हणाले, "घरी चहा घेऊन जा रे. ट्रॅक्टर रिकामाच ने."

सोमवारी मधल्या सुट्टीत हर्षा दारात उतरली, तेव्हा साक्षी रडून लाल झाली होती. तिनं चपला भिरकावल्या, भिंतीला टेकून बसली आणि लेकरू पदराखाली घेतलं. दोन घोटांत हुंदके थांबले. इवलं बोट तिच्या मंगळसूत्रात अडकलं.

बाहेर इंजिन अजून चालूच होतं.

"वरच्या रेघेच्या थोडं खाली हाय, हर्षा," देवाजी अंगणातून म्हणाले. "पन आपल्या आंगनाले उतार हाय. शाळेत पोचली का तिथल्या मैदानात पुन्हा पाहून घेजो."

"पाहतो जी," ती आतून म्हणाली. "आता बंद करा. हिले अजून पंधरा मिनिटं लागते."