शेंड्यावरचे लाल कोळी

तीस वर्षं मी अंबरनाथच्या एका कारखान्यात दुसऱ्यांच्या चुका शोधायचा पगार घेतला. तपासणी खात्यात होतो. माझा शिक्का पडल्याशिवाय माल गेटाबाहेर जायचा नाही, आणि खोटा शिक्का मी एकदाही मारला नाही. त्यामुळे मांजर्लीतल्या आमच्या बिल्डिंगमध्ये जेव्हा कुजबुज सुरू झाली की सुनंदाकाकू आपली झाडं परत न्यायला येतात, तेव्हा माझं डोकंच फिरलं.

सुनंदा माझी बायको. तिला जाऊन जानेवारीत वर्ष झालं. वर्षश्राद्धाला भांडी वाटण्यापेक्षा मी तिच्या गावठी गुलाबाच्या फांद्यांपासून पाच रोपं केली आणि तिच्या जवळच्या पाच घरांत दिली. चार आमच्याच बिल्डिंगमध्ये, पाचवं आमच्या मुलीला, राजसीला. ती अंबरनाथला असते. मूळ झाड आमच्या गच्चीवर, ड्रममध्ये.

एप्रिलात आधी तेच आजारी पडलं. पानांवर पांढुरके बारीक ठिपके आले, कोणी सुईने टोचल्यासारखे. मग पानं तांबूस झाली आणि फांद्यांमध्ये जाळी धरली, इतकी तलम की ऊन तिरपं पडलं तरच दिसायची. उल्हासनगरच्या दुकानातून औषध आणून दोनदा फवारलं. त्यानंतर तर जाळी दुप्पट झाली.

एक पान पांढऱ्या कागदावर झटकलं. तांबडी धूळ पडली. मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. धूळ चालत होती.

कारखान्यातलं भिंग काढलं. लाल कोळी. घरात जाळं विणतो तो कोळी वेगळा; हे टाचणीच्या टोकाहून लहान, पानाखाली बसून रस शोषणारे. झाडात रस उरेना, तसे ते सगळे शेंड्यावर चढले. हजारोंनी, एकमेकांच्या अंगावर, आणि तिथेच थांबले. खायला तिथे काहीच नव्हतं. नुसते कोणाची तरी वाट बघत असावेत तसे थांबले होते. मला शिसारी आली.

मग मी रोज सकाळी गच्चीवरचं झाड बघून तसाच खाली उतरायचो आणि चारही घरांतली रोपं तपासायचो. अंगात माझाच जुना खाकी शर्ट, कारखान्याचा. काटे लागू नयेत म्हणून सुनंदा बागकामाला तो साडीवरून घालायची. माका आणि जास्वंद घालून ती घरी तेल कढवायची. ते तिच्या वेणीवरून कॉलरमध्ये मुरलं होतं. तो शर्ट मी धुतला नव्हता, धुणारही नव्हतो. घाम आला की तो वास वर यायचा आणि मला बरं वाटायचं. रविवारी राजसीकडे जातानाही तोच घालायचो. वास फक्त मलाच येतो, अशी माझी समजूत होती.

चारही रोपं गेली. आधी चौथ्या मजल्यावरचं, मग तिसऱ्या, मग दुसऱ्या. कोणी सावकाश जिना उतरत यावं तसं. शेवटचं तळमजल्यावरचं, माझा मित्र धर्मराज याचं.

"श्यामकांत, रागावू नकोस," तो म्हणाला. "पण झाड जायच्या आधी आठवडाभर गॅलरीत वहिनींच्या तेलाचा वास यायचा. आमच्या हिलापण आला. वरच्या तिघांना विचारलं, त्यांनाही आला होता."

"काहीतरी बरळू नकोस," मी म्हणालो. पण घरी आलो आणि सगळ्यात आधी देवापुढे दिवा लावला.

संध्याकाळी राजसीचा फोन.

"बाबा, तुम्ही हसाल, पण तुम्ही गेलात की गॅलरीत आईचा वास येतो. मी तिथेच चहा घेऊन बसते. ती शेजारी आहे असं वाटतं. आणि हो, गुलाबावर कसले तरी व्हाइट डॉट्स आलेत, बघाल का?"

"येतो," म्हणून मी फोन ठेवला.

सकाळी गच्चीवर गेलो आणि वाळलेल्या झाडापुढे उभा राहून मोठ्याने म्हणालो, "सुनंदा, बाकीची नेलीस ना, ने. पोरीचं तेवढं राहू दे." जन्मभर मोजमापं घेतलेला माणूस मी, काटक्यांशी बोलत होतो. शेंड्यावरचा लाल गोळा किंचित हलला.

"कुनाशी बोलताव, दादा?"

मागे गयाबाई भाजीवाली उभी होती, डोक्यावर पाटी घेऊन; मी घरात सापडलो नाही म्हणून वर आली होती. बारवी धरणाकडच्या पाड्यावरून ती सुनंदा असल्यापासून आमच्याकडे येते, आणि घराघरांत रोपं तपासताना तिने मला पाहिलं होतं. तिने पाटी उतरवली, झाड पाहिलं आणि दोन पावलं मागे सरली.

"ह्यो कोळी हाय. आमच्या वांग्यांवर पडतो. आन् तुमी ह्याच सदऱ्यानं समद्यांच्या घरी जाताव?"

"मग?"

"कोळी पडल्याल्या वाफ्यात आमी सगळ्यात शेवटी शिरतो. घरी आलो का लुगडं उकळत्या पान्यात. कापडाला धरूनच फिरतो त्यो!"

मी तिथल्या तिथे शर्ट काढला आणि बाही कागदावर झटकली. ठिपके पडले. क्षणभर काहीच झालं नाही. मग ते चालायला लागले.

तिचा वास आणि ते कोळी एकाच कपड्यावरून घरोघर जात होते, आणि नेणारा मी होतो. शेंड्यावर ते माझीच वाट बघत थांबले होते.

पातेल्यात पाणी उकळायला ठेवलं. शर्ट हातात धरून मी बराच वेळ उभा राहिलो. पाणी आटून अर्धं झालं. कोळी-बिळी विसरून कॉलरला एकदा नाक लावलं आणि शर्ट आत सोडला. वाफेबरोबर तिच्या तेलाचा वास घरभर झाला, ती नुकतीच न्हाऊन आल्यासारखा, आणि मी ओट्याला धरून हमसून हमसून रडलो. मग साबण लावून धुतला; वाळल्यावर शर्टाला साबणाचाच वास येत होता.

गच्चीवरचं झाड जाळलं. राजसीकडे धुतलेल्या कपड्यांत गेलो, तिच्या गुलाबाची खराब पानं काढली, आणि पानांच्या खालच्या बाजूला रोज जोराने पाणी मारायला तिला शिकवलं. तीन आठवड्यांत नवी पालवी फुटली. चौथ्या रविवारी कळी दिसली.

राजसीने चहा आणला आणि माझ्या शेजारी बसली.

"झाड वाचलं, बाबा. पण आई यायची थांबली." तिने कप खाली ठेवला. "मी रोज बसते हो इथे."

भिंग माझ्या हातात होतं. सांगायला एक वाक्य पुरलं असतं.

"झाड आजारी होतं तोवर येत होती," मी म्हणालो. "आता तिचा जीव निवांत झाला असेल."

राजसीने डोळे पुसले आणि मान हलवली. तिला पटलं. तीस वर्षांत मारला नव्हता तो खोटा शिक्का मी त्या दिवशी मारला. मग तिच्याकडे बघवेना म्हणून एक पान उलटून भिंगाखाली धरलं. त्यावर काहीच नव्हतं.