चौदाव्या दिवशी बरे

वेनेता दिमचेवाचं मूळ काम पाण्याचं. जिल्ह्याच्या आरोग्य कार्यालयात एकवीस वर्षं ती विहिरींच्या आणि नळांच्या पाण्याचे नमुने तपासत होती. ऑक्टोबरात साथीची दुसरी लाट डॅन्यूबकाठच्या त्या जिल्ह्यात शिरली, तेव्हा प्रयोगशाळेला कुलूप लागलं आणि तिथल्या चारही बायकांच्या हातात एकेक टेलिफोन आणि एकेक छापील कागद देण्यात आला.

कागदावर नऊ प्रश्न होते. नाव, पत्ता, लक्षणं कधीपासून, घरात किती माणसं, गेल्या दोन दिवसांत कुणाकुणाला भेटलात, असे. शेवटी सूचना: चौदा दिवस वेगळ्या खोलीत राहा, भरपूर पाणी प्या, त्रास वाढल्यास आपल्या डॉक्टरांना फोन करा. दुसऱ्या आठवड्यात वेनेताला कागद पाठ झाला. ती चार मिनिटांत एक माणूस उरकायची. बाकीच्यांना सहा-सात लागत.

नोव्हेंबरच्या पहिल्या सोमवारी तिच्या यादीत नायडेन नावाचे एकाहत्तर वर्षांचे गृहस्थ होते. नदीपासून तीस किलोमीटर आतल्या एका खेड्यात राहायचे. जन्मभर ट्रॅक्टर चालवलेला माणूस.

"वेगळ्या खोलीत म्हणजे कुठे, बाई?" त्यांनी विचारलं. "शेगडी एकाच खोलीत पेटते. म्हातारीला काय कोंबड्यांत झोपवू?"

"काका, कागदावर तसं लिहिलंय."

"मग ज्यानं लिहिलंय त्याला विचारा, त्याच्या घरात खोल्या किती."

फोनमध्ये त्यांच्या मागे एक बाई हसली. मग नायडेनकाका मध्येच थांबले आणि पुढचं वाक्य दोन तुकड्यांत बोलले. "आणि दम लागतो. सरपण आणायला अंगणात गेलो... तर बसावं लागतं."

"डॉक्टरांना फोन करा."

"सहा गावांना एक डॉक्टर. तो उचलत नाही."

"करत राहा, काका. उचलतील."

वेनेतानं नोंद केली: संपर्क एक, पत्नी. साडेचार मिनिटं झाली होती. तिनं पुढचा नंबर फिरवला.

चार दिवसांनी, शुक्रवारी, ती स्वतः आजारी पडली. बाल्कनीतल्या पिंपातून आंबवलेला कोबी काढताना तिच्या लक्षात आलं की नाकाला कसलाच वास येत नाही. पिंपात तोंड घालून पाहिलं, तरी काही नाही. पाण्याचा वास घेऊन पगार मिळवणाऱ्या बाईला आपल्याला काय झालंय ते कळायला एक क्षणही लागला नाही. संध्याकाळी ताप चढला.

चाचणीचा निकाल आल्यावर कार्यालयातून फोन आला. पलीकडे रालित्सा होती, शेजारच्या टेबलावरची सव्वीस वर्षांची मुलगी.

"वेनेताताई, मला सगळं वाचावंच लागेल हं. संभाषण ध्वनिमुद्रित होतं."

"वाच."

"घरात किती माणसं?"

"तुला माहीत आहे."

"तरी सांगा."

"एक."

नववा प्रश्न झाल्यावर रालित्साचा आवाज बदलला. "संपलं. आता खरं सांगा, कशा आहात?"

"हा प्रश्न कागदावर नाहीये," वेनेता म्हणाली.

रालित्सा हसली. वेनेतानं विनोद केला नव्हता. फोन ठेवल्यावर ती छताकडे बघत पडून राहिली आणि मनात कागद पुन्हा वरून खालपर्यंत वाचला. नऊ प्रश्नांपैकी सात प्रश्न तिनं आजार कुणाकुणाला दिला असेल याबद्दल होते. दोन तिच्या नावा-पत्त्याबद्दल. लक्षणं कधीपासून, हेसुद्धा संसर्गाचे दिवस मोजायलाच. आजारी माणूस कसा आहे, असा एकही नव्हता. महिनाभर रोज साठ वेळा वाचूनही तिला हे दिसलं नव्हतं.

वरच्या मजल्यावर हारालांपी राहत होता. वय अठ्ठ्याहत्तर, नगरपालिकेच्या बँडमध्ये चाळीस वर्षं ट्रंपेट वाजवलेला. तो तिच्या दाराशी शेंगदाण्याएवढ्या पांढऱ्या घेवड्याच्या सूपचं भांडं ठेवायचा, घंटी वाजवायचा आणि पाच पायऱ्या वर जाऊन उभा राहायचा. सहाव्या दिवशी तिला दार उघडायला बराच वेळ लागला.

"डॉक्टरला फोन केलास का?" त्यानं वरून विचारलं.

"अकरा वेळा. आता मशीन बोलतं, लाइन व्यस्त आहे म्हणून."

"आणि रुग्णवाहिका?"

"ते विचारतात, बोटाला यंत्र लावून ऑक्सिजन मोजलात का. माझ्याकडे यंत्र नाही. म्हणाले, आणा, मोजा, नव्वदच्या खाली गेला तर फोन करा." शहरातल्या एकाही औषधाच्या दुकानात यंत्र शिल्लक नव्हतं, हे दोघांनाही माहीत होतं.

हारालांपीनं थोडा विचार केला. "भरपूर श्वास घे आणि एकपासून मोज. मोठ्यानं. मध्ये श्वास घ्यायचा नाही."

"कशाला?"

"बँडमध्ये नवा माणूस आला की मी हेच करायचो. तीसपर्यंत पोचला तर ट्रंपेट. नाहीतर झांजा."

ती सतरापर्यंत पोचली. दुसऱ्या दिवशी सकाळी अकरापर्यंत. दुपारी सातवर अडली आणि चौकटीला धरून उभी राहिली.

"सातवर झांजासुद्धा मिळत नाहीत, पोरी," तो म्हणाला आणि फोन करायला वर गेला. त्याचा आवाज जिन्यात स्पष्ट ऐकू येत होता. "बाई सातवर थांबते. काल सतरा होते. यंत्र नाही, मी कानानं ऐकलंय. हे पाहा, मी पुन्हा फोन करणार नाही. तुमच्या खिडकीशी येऊन उभा राहीन. मला खोकला आहे." खोकला त्याला अजिबात नव्हता. दोन तासांनी रुग्णवाहिका आली.

इस्पितळात ती अकरा दिवस होती, त्यातले आठ ऑक्सिजनच्या नळीवर. पलीकडच्या खाटेवर एक शिंपीण होती. तिला आणायला उशीर झाला होता आणि ती दुसऱ्याच दिवशी गेली. खाट तासाभरात पुन्हा भरली. वेनेताला रडू आलं नाही. श्वास घेण्यातच सगळी शक्ती जात होती.

आजाराच्या चौदाव्या दिवशी तिच्या मोबाइलवर संदेश आला: आपला विलगीकरणाचा काळ संपला असून आपली नोंद बरे झालेल्यांमध्ये करण्यात आली आहे. तिनं तो परिचारिकेला दाखवला. परिचारिका म्हणाली, "अभिनंदन," आणि सलाइनची बाटली बदलली.

डिसेंबरच्या मध्यावर ती कामावर परतली. नाक तसंच बंद होतं. प्रयोगशाळा उघडी असती तरी तिचा तिथे उपयोग नव्हता. संगणक सुरू करून तिनं पहिली गोष्ट केली ती म्हणजे नायडेनकाकांचं नाव शोधलं. समोर लिहिलं होतं: बरे, दिवस चौदावा.

फोन त्यांच्या बायकोनं उचलला. तिचं नाव स्तान्का.

"नायडेनकाका आहेत का? मी आरोग्य कार्यालयातून बोलतेय."

"तो नवव्या दिवशी गेला."

"इथे तर बरे झाले असं लिहिलंय. तुम्ही कुणाला कळवलं होतं का?"

"पाद्र्याला कळवलं. सरपंचाला कळवलं. आणखी कुणाला कळवायचं असतं?" मग ती म्हणाली, "त्या दिवशी फोनवर तुम्हीच होतात का?"

"हो."

"फार भराभर बोलत होतात. तो म्हणाला, बिचारीला अजून किती जणांना सांगायचं असेल."

वेनेतानं विचारलं, "तुम्हाला काही हवंय का?"

"लाकडं फोडायला माणूस मिळत नाहीये," स्तान्का म्हणाली.

ते तिनं लिहून घेतलं. सरपंचाला तीन फोन केल्यावर शनिवारी लाकडं फुटली. पण ती तेवढ्यावर थांबली नाही. जेवणाच्या सुट्टीत ती आपल्याच जुन्या याद्या काढून बसू लागली. बरे झालेल्या तीनशे बारा जणांना तिनं फोन केले. त्यातले सात मेलेले होते.

डॉ. कांबुरोव कार्यालयाचे प्रमुख. दीड महिन्यात त्यांना एकही सुट्टी मिळाली नव्हती. टेबलावर गार कॉफीचे तीन पेले होते. सात नावांचा कागद त्यांनी दोनदा वाचला.

"यादी चौदाव्या दिवशी आपोआप बंद होते," ते म्हणाले. "कुणी काही कळवलं नाही तर बरा धरतात."

"मेलेल्यानं कळवायचं कसं, साहेब?"

"मृत्यूची नोंद दुसऱ्या कार्यालयात होते. दोन याद्या एकमेकींना जोडलेल्या नाहीत."

"माणसं जोडू शकतात."

"माणसं किती आहेत? चार. त्यातली एक आत्ता जिना चढून धापा टाकतेय." ते चिडून बोलले नव्हते. "आणि ते मोजायला लावणं काय चालवलंयस? रालित्सा सांगत होती."

वेनेता आता प्रत्येकाला नऊ प्रश्नांनंतर एका श्वासात मोजायला सांगत होती. तिला एका माणसामागे दहा मिनिटं लागत.

"ते काही शास्त्रीय नाही," डॉक्टर म्हणाले.

"नसेल. पण फोनमधून बोटाला यंत्र लावता येत नाही."

"समज, कुणी पाचवर थांबला. काय सांगतेस?"

"रुग्णवाहिका बोलवा."

"आणि ती आली नाही तर? मग नातेवाईक म्हणतील, कार्यालयाला माहीत होतं. आत्ता कार्यालयाला काहीच माहीत नसतं."

"म्हणजे न विचारणंच बरं."

"कार्यालयासाठी, हो," ते म्हणाले. ते त्यांनी लपवलं नाही, याचं तिला नंतर बरं वाटलं.

तिनं एका पानाचं पत्र लिहिलं: सात नावं, सात तारखा आणि दोन मागण्या. आजाऱ्याच्या श्वासाबद्दल एक प्रश्न घाला. विचारल्याशिवाय कुणाला बरं म्हणू नका. डॉक्टरांनी ते दोन दिवस खणात ठेवलं. तिसऱ्या दिवशी त्यातल्या शुद्धलेखनाच्या दोन चुका सुधारून तिच्या सहीखाली आपली सही केली आणि राजधानीला पाठवलं. सात नावं मात्र त्यांनी उत्तराची वाट न बघता आपल्या अधिकारात दुरुस्त केली.

त्यामुळे त्या गुरुवारच्या आकड्यांत जिल्ह्यात एकाच दिवशी सात मृत्यू जास्त दिसले. स्थानिक रेडिओनं साथ अचानक वाढल्याची बातमी दिली. बाजारात लोकांनी पीठ आणि मास्क उचलले. राजधानीहून डॉक्टरांना तासाभराचा फोन आला. दार बंद होतं, एवढंच ऐकू आलं, की ते पुन्हा पुन्हा तेच वाक्य बोलत होते: "नाही, ते याच आठवड्यात मेले नाहीत. आम्हाला याच आठवड्यात कळलं."

पत्राचं उत्तर जानेवारीत आलं. आपल्या सूचनांची नोंद घेण्यात आली आहे. त्याच पाकिटात वेनेताच्या नावानं लेखी समज होती, छापील प्रश्नांव्यतिरिक्त प्रश्न विचारल्याबद्दल. डॉक्टरांनी ती तिच्यापुढे सरकवली. मिळाल्याची सही करावी लागते, म्हणून तिनं केली.

"आता काय करणार?" त्यांनी विचारलं.

"आजच्या यादीतले एकतीस नंबर राहिलेत."

ती टेबलाशी परतली तेव्हा शेजारी रालित्सा कानाला फोन धरून, डोळे मिटून ऐकत होती. "तेरा? छान, आजी. आता थोडं थांबा आणि पुन्हा एकदा म्हणा. घाई नाही."

त्या हिवाळ्यात दोघींनी मिळून नऊशेच्या वर लोकांना मोजायला लावलं. अठ्ठेचाळीस जण दहाच्या आत थांबले. त्यातल्या एकतीस जणांकडे रुग्णवाहिका पोचली. उरलेल्या सतरा जणांपैकी नऊ जण तसेच बरे झाले, सहा गेले, आणि दोन जणांचा फोन पुढे कधीच कुणी उचलला नाही. त्या दोघांच्या नावापुढचा रकाना वेनेतानं कोरा ठेवला. संगणक तो कोरा राहू देत नव्हता, म्हणून तिनं ती दोन नावं वहीत लिहिली.