काळुरामाचा खडक

कृतिका केणे अंटार्क्टिकाच्या मोहिमेवरून डोंबिवलीला परतली ती एका बिननावाच्या खडकाचा फोटो घेऊनच. खडक तो केवढा, तर तिच्या बापाच्या, आनंदाच्या ओसरीएवढा. वर बर्फ, पक्ष्यांची घाण आणि माणूस औषधालाही नाही. पण नकाशावर त्याला नाव हवं होतं, आणि ते सुचवायचा मान तिला मिळाला होता. फॉर्म संध्याकाळपर्यंत पाठवायचा होता.

आनंदाने एका दमात सांगून टाकलं, काळुराम. काळुराम हा त्याचा वारलेला बाप, मिठागरातलं मीठ होडीने ठाण्याला नेणारा. खाडीत त्याच्या नावाचा खडक होता आणि तो आज्याने शोधला, असं आनंदा पोरीला लहानपणापासून ऐकवत आला होता. नव्या पुलाच्या खांबाखाली तो खडक गडप झाला, त्या दिवशी आनंदा जेवला नव्हता. बापाचं नाव पृथ्वीच्या पाठीवर कुठेतरी टिकावं, एवढीच त्याची इच्छा होती.

जिवंत माणसाचं नाव चालणार नव्हतं, काळुरामाचं चाललं असतं. घोडं अडलं कारणाच्या रकान्यात. आज्याचा अंटार्क्टिकातल्या खडकाशी संबंध काय? खोटं लिहिणार नाही, कृतिकेने बजावलं.

आनंदा तासभर फुगून बसला. मग नाइलाजाने त्याने खरं ते सांगितलं. आज्याने काहीएक शोधलं नव्हतं. खाडीत ज्याची होडी खडकावर आपटते त्याचंच नाव खडकाला देतात, म्हणजे बाकीचे जपून जातात. बाप मिठाने भरलेली होडी घेऊन आपटला होता, आणि सगळं मीठ खाडीने गिळलं होतं.

"आता तू मना खरा सांग," तो म्हणाला, "तुज्या खडकाव कोन आपटला?"

लहान होडीत पाय ठेवणार नाही, असं मोहिमेवर निघताना कृतिकेने बापाला वचन दिलं होतं.

"मीच," ती म्हणाली. "धुकं होतं. रबरी होडी मीच चालवत होती."

रागवायला आनंदाने तोंड उघडलं, पण बाहेर पडलं ते हसूच.

फॉर्ममध्ये कृतिकेने लिहिलं: आमच्या खाडीत खडकावर आपटलेल्याचं नाव खडकाला देतात. काळुराम असाच एका खडकावर आपटला होता. या खडकावर त्याची नात आपटली.

आनंदाने ते दोनदा वाचायला लावलं. मग डोळे पुसत तो खडकाचा फोटो बापाच्या तसबिरीशेजारी लावायला उठला.