मीटरने सांगितलेली वेळ

तंजावूरजवळच्या पापनाशमच्या राइस मिलमध्ये शहाजीला विजेचा झटका बसला त्या दिवशी मिल बंद होती. आवारात दोघंच होते. मोटरच्या पॅनलचं काम करायला आलेला शहाजी वायरमन, आणि मेन स्विच ज्याच्या ताब्यात तो सुपरवायझर सांबशिव. शहाजी वाचला, पण शुद्धीवर आल्यावर त्याला त्या दिवसाचं काहीच आठवेना. मग सांगणारा उरला सांबशिव, आणि मेन स्विचपाशी चाचणीसाठी बसवलेला एक परदेशी मीटर.

सांबशिवचं म्हणणं साधं होतं. काम आटोपून शहाजी बाहेर आला, स्विच घाल म्हणाला, याने घातला आणि मागे पोती बघायला गेला. बऱ्याच वेळाने किंकाळी ऐकू आली. शहाजी काही राहिलं म्हणून न सांगता परत आत गेला असणार.

मीटर वेगळंच सांगत होता. त्याच्या नोंदीत वीज आली अकरा दहाला, आणि झटक्याने व्होल्टेज कोसळल्याचा आलेख होता अकरा अकराचा. म्हणजे शहाजी पॅनलपाशी असतानाच स्विच घातला गेला होता.

हा मीटर बसवला होता तंजावूरच्या गुरुराजने. राजवाड्यामागच्या गल्लीत त्याची मीटर तपासायची लहानशी लॅब होती. विनुता तिथे इंजिनियर होती, आणि सांबशिव तिचा सख्खा थोरला भाऊ, तिचा अण्णा.

अपघातानंतर काही दिवसांनी एका सकाळी तो लॅबच्या दारात येऊन उभा राहिला. दाढी वाढलेली, डोळे आत गेलेले.

"विनू, मीच चुकलो असेन," तो म्हणाला. "शहाजी बाहेर येताना मला दिसतो. पण ते त्या दिवसाचं की आधीच्या कुठल्या दिवसाचं, कोण जाणे. मीटरला खोटं बोलून काय मिळणार? दुपारी चौकशीला इन्स्पेक्टर येतील. कबूल करून टाकतो."

लहानपणापासून जो माणूस दाराची कडी लावली की नाही हे तीनदा बघायचा, तो आज स्वतःच्या आठवणीवर पाणी सोडत होता. इन्स्पेक्टर येईपर्यंत काही बोलू नकोस, एवढंच त्याच्याकडून कबूल करून घेऊन विनुताने त्याला बाकावर बसवलं.

मीटर मिलमधून आणलेला होताच. तिने तो चालू केला आणि पडद्यावरचं घड्याळ रेडिओच्या वेळेशी ताडून पाहिलं. तंतोतंत बरोबर. घड्याळ बरोबर, तर नोंद बरोबर. नोंद बरोबर, तर अण्णा तुरुंगात.

घड्याळ दोन बटणं दाबून पुढेमागे करता येत होतं, मग मीटरवर कोणी विश्वास ठेवला नसता. गुरुराज बाहेर फोनवर होता. तिचं बोट बटणापर्यंत गेलंही. मग तिला स्वतःचीच भीती वाटली. तिने गुरुराजला हाक मारली आणि सांगितलं, मला इथे एकटीला सोडू नका.

गुरुराज शेजारी खुर्ची ओढून बसला. घड्याळ बघून काय होणार, म्हणाला, नोंद करायला लावून बघ.

तिने व्होल्टेज कमीजास्त करायचा डिमरस्टॅट जोडला, रेडिओच्या वेळेवर लावलेलं घड्याळ बघत त्याची मूठ झपकन खाली फिरवली आणि परत वर आणली. दिवा मिणमिणला. मग सगळी वीजच तोडली आणि पुन्हा जोडली. नोंदी कॉम्प्युटरवर उतरायला वेळ लागत होता.

वीज गेल्याची, आल्याची वेळ बरोबर होती. व्होल्टेज कोसळल्याचा आलेख मात्र अर्धा तास आधीचा दाखवत होता. तेव्हा तर मीटर चालूसुद्धा नव्हता.

नजर दगा देत असेल तर? तिने गुरुराजला पुन्हा करायला सांगितलं. पुन्हा अर्धा तास. मग तिने सेटिंगची पानं एकेक करून उघडली. वीज येण्याजाण्याची वेळ मीटर स्वतःच्या घड्याळावरून लिहीत होता. आलेखांची वेळ तो ग्रिनिचच्या हिशेबाने साठवायचा आणि कॉम्प्युटर ती आपल्या वेळेत बदलायचा. आपली वेळ साडेपाच तास पुढे. कॉम्प्युटरवर हा फरक भरायच्या चौकटीत साडेपाच टाकलं की वरचा अर्धा गळून पडत होता आणि नुसता पाच उरत होता. बनवणाऱ्यांना अर्ध्या तासाचा देश ठाऊकच नव्हता.

म्हणजे झटका बसला अकरा एक्केचाळीसला, स्विच घातल्यावर अर्ध्या तासाने, अण्णा सांगत होता तसाच.

दुपारी इन्स्पेक्टर आले तेव्हा विनुता मुद्दाम भिंतीशी उभी राहिली. बहिणीवर कोण विश्वास ठेवणार? गुरुराजने इन्स्पेक्टरांच्याच हाताने मूठ फिरवून घेतली, त्यांच्याच मनगटावरचं घड्याळ बघायला लावलं. त्यांनी तमिळमध्ये दोनचार प्रश्न विचारले. शेवटी म्हणाले की पॅनलचं दार उघडलं की वीज आपोआप तुटायला हवी होती. ती व्यवस्था मिलमालकाने काढून का टाकली, ते आता त्यालाच विचारतो.

सांबशिव सुटला. पण ऐकून तो उठला नाही, बाकाची कड धरून तसाच बसून राहिला.

संध्याकाळी बहीणभाऊ इस्पितळात गेली. शहाजीची बायको विशालाक्षी दारातच भेटली. तिला बातमी आधीच कळली होती. मग चूक ह्यांचीच म्हणायची का, तिने विनुताला विचारलं. विनुताने पॅनलच्या दाराचं सांगितलं. विशालाक्षीने मान हलवली, पण तिला ते पटलं की नाही हे कळलं नाही.

आत शहाजी उजवा हात पट्ट्यांत गुंडाळून पडला होता. सांबशिव त्याच्या उशाशी बसला.

"शहाजी, तू बाहेर येऊन मला सांगितलंस ना?"

शहाजीने खूप प्रयत्न केला. कपाळावर आठ्या पडल्या. "आठवत नाही, अण्णा," तो म्हणाला.

सांबशिवने विनुताकडे पाहिलं. आपल्याला दिसतं ते त्याच दिवसाचं का, ही सकाळची भीती त्याच्या डोळ्यांतून अजून गेली नव्हती.