बाबांची बत्तिशी

बाबा थोरलीच्या मनगटाला कडकडून चावले, त्या दिवशी तिने धाकट्या भावाला फोन लावला. "आता बास झालं. तू म्हणतोस त्या वृद्धांच्या संस्थेत घाल त्यांचं नाव."

बाबांचं डोकं दोन वर्षांपूर्वीच साथ सोडून गेलं होतं, पण हे चावणं नवीन होतं. आठ महिन्यांपूर्वी आई गेली. अलीकडे घास पुढे केला की बाबा मान फिरवत, थुंकत. थोरली जबडा दाबून घास आत कोंबायची. उपाशी कसं ठेवणार? नेहमीच्या डॉक्टरांनी शांत राहायची गोळी दिली, मग दीड केली. बाबा दिवसभर झोपू लागले आणि जाग आली की ओरबाडू लागले.

दातांची शंका तिला आलीच नाही. यायची कशी? जन्मभर शिवणकाम केलेला हा माणूस हाताशी कात्री असून दोरा दातांनी तोडायचा आणि गिऱ्हाइकाला ऐकवायचा, "सत्तरी उलटली, पण बत्तिशी शाबूत आहे." थोरली ओल्या फडक्याने त्यांचे पुढचे दात पुसायची. मागे बोट घालायची तिची छाती नव्हती.

संस्थेने दातांच्या डॉक्टरांचा कागद मागितला, म्हणून ती त्यांना घेऊन गेली. डॉक्टरीणबाईंनी गुंगीचं औषध देऊन तोंड उघडलं, तेव्हा असा वास सुटला की मदतनीस बाईने खिडकी उघडली. बराच वेळ चिमट्याची खटपट चालली. मग ट्रेमध्ये एक वस्तू पडली. चार खोट्या दाढांची, तारेच्या आकड्यांची छोटी कवळी. तारेवर हिरडी चढली होती.

"ही रोज रात्री काढायची असते. किती महिने आत होती?"

"त्यांना कवळी नाहीये," थोरली म्हणाली. कवळी समोर दिसत होती, तरी म्हणाली.

मग तिला उमगलं. आई रोज रात्री बाबांना न्हाणीघरात न्यायची आणि आतून कडी लावायची. म्हातारपणी ही काय थेरं, म्हणून थोरली हसायची. नवऱ्याचा तोरा सांभाळत आई मरून गेली. थोरलीला तिचा इतका संताप आला की रडूही फुटेना.

बाहेर बाकावर बसून तिने धाकट्याला फोनवर सगळं सांगितलं.

"म्हणजे ती कुणी काढतच नव्हतं?" त्याने विचारलं.

"तुला माहीत होतं?"

"आईने शपथ घातली होती, ताईला सांगू नको म्हणून. तुझ्या पोटात काही राहत नाही म्हणायची. मला वाटलं, रोज तोंड तूच धुतेस, तुला दिसली असेल." मग हलकेच म्हणाला, "संस्थेतलं नाव काढून टाकू का?"

"आत्ताच काढ," असं म्हणत ती फोन कानाला लावूनच आत गेली.

बाबांना जाग आली होती. मदतनीस बाई चमच्याने पाणी पाजत होती आणि ते शहाण्या मुलासारखे पीत होते. दारात थोरली दिसली, तशी त्यांनी त्या परक्या बाईची बाही घट्ट धरली.

"हिला येऊ देऊ नका," ते म्हणाले. "ही दुखवते."

"राहू दे नाव," थोरली फोनवर म्हणाली.