विरोधकाचे आभार

आमच्या फिनलंडात पीएचडी म्हणजे भर सभेत झोडपून घेणं. समोर परक्या विद्यापीठातला एक जाणकार बसतो, त्याला विरोधकच म्हणतात. दुपारभर त्यानं तुमच्या प्रबंधाची चिरफाड करायची आणि संध्याकाळी त्याच्याच मानाखातर तुम्ही जेवण द्यायचं. वर भाषणात पहिले आभारही त्याचेच! निकाल काय लागायचा तो लागो, जेवण आधीच सांगून ठेवावं लागतं.

माझ्या वाट्याला आले हर्यान्ने सर. पर्यावरणमूल्यांचा सक्तीचा विषय या गृहस्थांनीच उभा केलेला. बाकीच्या विद्यापीठांनी, आमच्यानंही, तो उचलला. आणि माझा प्रबंध काय म्हणत होता? या विषयानं मुलांना निसर्ग कळत नाही, मास्तरांना काय आवडतं तेवढं कळतं. निबंधात लिहायचं, मांस सोडलं, विमान सोडलं. गुण घ्यायचे आणि मोकळं व्हायचं. हे असलं मत घेऊन त्यांच्यासमोर उभं राहायचं, म्हणजे मी आपल्या हातानं पायावर धोंडा मारून घेतला, असं आईचं म्हणणं. मीही पडले हट्टी. सर मांस खात नाहीत हे ठाऊक असून जेवणात मुद्दाम रेनडिअरचं मांस सांगितलं. म्हटलं, बसू देत चडफडत.

सभेत सुरुवातीला मी तोडीस तोड उत्तरं दिली. मग सरांनी माझ्याच प्रबंधातला एक उतारा सावकाश वाचला. एका मुलीनं लिहिलं होतं, की हल्ली ती आजीबरोबर दलदलीत रानफळं वेचायला जाते आणि तिथं तिला बरं वाटतं.

"हा निबंध तुम्ही 'गुणांसाठी लिहिलेला' म्हणून मोजलाय," सर म्हणाले. "ही मुलगी खरं लिहीत नव्हती कशावरून?"

काहीतरी ठोकून देता आलं असतं, पण जीभ वळेना.

"मला माहीत नाही, सर."

पुढच्या रांगेत बसलेल्या आईनं डोळे मिटून घेतले. इतक्या वर्षांची मेहनत पाण्यात गेली, असंच मला वाटलं.

सरांनी चष्मा काढला. "इतकी वर्षं मी हा विषय शिकवतोय. 'मला माहीत नाही' असं एकाही पोरानं लिहिलं नाही. कारण लिहिलं असतं, तर मी गुण दिले नसते."

मग सरांनी उभं राहून माझी चूक स्पष्ट सांगितली: पुरावा नसताना मी खरं लिहिणाऱ्यांनाही खोट्यांत मोजलं होतं. ती धरूनही प्रबंध मान्य करावा, अशी शिफारस केली.

संध्याकाळी मांसाचं भांडं त्यांच्यापुढे आलं, तसं त्यांनी ते शेजाऱ्याकडे सरकवलं आणि मुकाट बटाटे वाढून घेतले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आभाराची दोन कोरडी वाक्यं पाठ केली होती, ती सोडून दिली.

"सर, तुम्ही मला पाडलं नाहीत," मी म्हटलं, "आणि माझी चूकही झाकली नाहीत. एवढ्या मानानं माझ्याशी आजवर कुणी भांडलं नव्हतं."

रिवाजाप्रमाणे त्यांनी उत्तर दिलं. "मांस मी खात नाही, खाणारही नाही. विषयही शिकवीन. फक्त या मूल्यांचे गुण देणं मी आजपासून सोडलं."

मी उठले आणि बटाट्यांचं भांडं स्वतः त्यांच्यापाशी नेलं. "घ्या सर, अजून घ्या," मी म्हटलं. सरांनी ताट पुढे केलं.