मागच्या जन्मीचा रंगारी

गिरण्या यायच्या आधीची गोष्ट. आमच्या घरात गालिचे विणले जात आणि समोरच्या घरात त्यांची लोकर रंगवली जाई. मधे फक्त एक गल्ली. एकाचं दुसऱ्यावाचून चालत नसे, पण सोयरीक मात्र कधी व्हायची नाही. कारण गालिचा विणायची आमची खास गाठ. ती घराबाहेर कुणाला दाखवायची नाही, असा दंडक होता. मुलगी रंगाऱ्याकडे दिली की गाठही तिच्याबरोबर जाणार.

समोरच्या तरुण रंगाऱ्याला सगळे निळ्या म्हणत. त्याचे हात कोपरापर्यंत निळे असायचे. तो लोकर द्यायला आला की माझी चुलतबहीण घाईघाईने केस सारखे करी. घरात हे कुणाच्या नजरेतून सुटलं नव्हतं, पण बोलत कुणी नव्हतं.

एका दुपारी आजी विणलेल्या भागावरून तळवा फिरवत होती. तिला डोळ्यांनी फारसं दिसत नसे. मधेच तिचा हात थांबला.

"ही वीतभर जागा कुणी विणली? इथे गाठींची लव डावीकडे झुकलीय. आपली उजवीकडे झुकते."

सगळे जेवायला गेले असताना निळ्या मागावर बसला होता, असं एका कामगाराने सांगितलं. काकांनी त्याला दंडाला धरून आणलं.

"गाठ कुणी शिकवली?"

"कुणी नाही. हात आपोआप चालला."

"आपोआप! मागच्या जन्मी शिकला होतास का रे?"

काकांनी टोमणा मारला, पण आजी एकदम उभी राहिली. तिने निळ्याचे हात हातात घेऊन बोटं चाचपली.

"अशी डावी लव मी एकाच माणसाच्या हातची पाहिलीय," ती म्हणाली. "तो गेला तेव्हा हा जन्मलाही नव्हता."

काकूने हात जोडले. काकांची पकड सैल झाली. अशा गोष्टींवर त्यांचा फार विश्वास.

"मग ही चोरी कसली? आपलाच कुणी जुना कारागीर परत आलाय! उद्यापासून मागावर बस." मग ते लेकीकडे वळले. "पाया पड त्यांच्या. नात्याने आजोबा लागतील तुझे."

निळ्याने घाईघाईने पाय मागे ओढले. "अहो काका, आजोबा नको!"

चुलतबहीण मात्र रडायला लागली. आजीने तिच्या आवाजाकडे मान वळवली.

"तू शिकवलंस ना गं?"

"हो. खिडकीत बसून, दोन बोटांवर धागा ताणून दाखवायचे. तो समोरच्या खिडकीतून बघायचा."

"समोरून बघून शिकलं की डावं-उजवं उलटं होतं," आजी हळूच म्हणाली.

"म्हणजे परतबिरत कुणी आलेलं नाही तर," काका पुन्हा तापले.

"नाही आलं." आजीने निळ्याचा हात अजून धरूनच ठेवला होता. तो तिने सोडला. "मला वाटलं होतं खरं. घटकाभर बरं वाटलं."

मग ती खाली बसली आणि काकांना म्हणाली, "ज्याची तशी लव मी पाहिली होती, तोही रंगारीच होता. यांच्याच घरचा. त्याला मी शिकवलं होतं, त्याच खिडकीतून. वडिलांना कळलं आणि त्यांनी घरातल्याच कारागिराशी माझं लग्न लावलं. तो गाव सोडून गेला. पुढे तापाने गेल्याचं कळलं."

"आई, चारचौघांत काय हे!"

"आज गप्प बसले तर ही पोरगी माझ्यासारखी पुढच्या जन्माची वाट बघत बसेल. हा तर समोर धडधाकट उभा आहे. याच जन्मी होऊ दे की."

काका येरझारा घालू लागले. "आणि गाठ?"

"गाठ तर माझ्याच हातून बाहेर गेली होती. तू तेव्हा जन्मला नव्हतास. काय बुडालं आपलं?"

काकांनी निळ्याकडे पाहिलं. "आजोबा नको म्हणतोस. जावई चालेल?"

निळ्याने पटकन वाकून त्यांचे पाय धरले. काकू हसली.

"तुझा बाप घरी आहे का?" काकांनी विचारलं आणि पायात चपला सरकवल्या. लोकरीचं काम नसताना त्यांनी समोरच्या दाराची कडी वाजवली, ती त्या दिवशी पहिल्यांदा.